मदत हवी आहे: वर्षाला कोटभर माणसं येऊनही पॅरिसचं डिस्नेलँड तोट्यात का राहिलं?

वारणेकाठची

नमस्कार मंडळी,

मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला वित्त व्यवस्थापन शिकवते. यंदा पूर्ण सत्रभर एकच प्रकरण मुलांपुढे ठेवायचं ठरवलंय, ते म्हणजे युरो डिस्ने, आताचं डिस्नेलँड पॅरिस. मुलं कर्ज आणि भांडवलाचं गुणोत्तर धडाधड काढतात. पण ते बिघडलं की बँका, भागधारक आणि नोकरदार यांच्यापैकी कुणाच्या वाट्याला काय येतं, हे त्यांना आकड्यांत दिसत नाही. या प्रकरणात ते दिसावं असं मला मनापासून वाटतं.

अडचण अशी आहे की बहुतेक ठिकाणी याचं उत्तर दोन वाक्यांत संपवलेलं असतं: फ्रेंचांना अमेरिकी संस्कृती नको होती, आणि जेवणाबरोबर वाइन मिळत नव्हती, म्हणून पार्क आपटलं. नाट्यदिग्दर्शिका आरियान म्नुश्किन यांचं 'सांस्कृतिक चेर्नोबिल' हे वाक्य तर सगळीकडे आहे. १९८९ मध्ये पॅरिसच्या शेअर बाजाराबाहेर डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख मायकल आइस्नर यांच्यावर अंडी फेकली गेली, तेही खरं. वाइनची बंदी मात्र १९९३ मध्येच उठली होती.

आता आकडे बघा. पार्क १२ एप्रिल १९९२ ला उघडलं. पहिल्या वर्षासाठी १ कोटी १० लाख लोक येतील असा अंदाज होता. १९९३ च्या आर्थिक वर्षात ९८ लाख आले. म्हणजे अंदाजापेक्षा दहा-अकरा टक्के कमी. आणि त्याच वर्षीचा तोटा ५३० कोटी फ्रँक! दहा टक्के गिऱ्हाईक कमी आलं म्हणून एवढी मोठी कंपनी बंद पडायच्या दाराशी जाते का? १९९३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या मूळ डिस्ने कंपनीने सांगितलं होतं की ३१ मार्च १९९४ पर्यंतच पैसे पुरवू, तोवर तोडगा निघाला नाही तर पार्क बंद करावं लागेल.

माझे प्रश्न दोन. खरा खड्डा कुठे होता? आणि आज त्या पार्कचं भवितव्य चांगलं की वाईट, हे बाहेरच्या माणसाने कशावरून ठरवायचं? बँकेत किंवा प्रकल्प वित्तात काम केलेल्यांनी, तसंच फ्रान्समध्ये राहणाऱ्यांनी कृपया लिहावं.

जमाखर्च

ताई, आधी तो ५३० कोटींचा आकडा मुलांना सोडवायला द्या. त्यातले सुमारे ३६० कोटी फ्रँक हिशेबाची पद्धत बदलल्यामुळे आलेले आहेत. पार्क उघडण्याआधीचा खर्च पुढच्या वर्षांवर पसरवण्याऐवजी एकदम खर्ची टाकला. उरतात १७० कोटी. हा चालू व्यवहाराचा तोटा, आणि तोही लहान नाही. पण ५३० हा आकडा घेऊन 'लोक आलेच नाहीत' असं म्हणणं चूक आहे.

खड्डा कर्जाचा होता. कंपनीवर सुमारे २,००० कोटी फ्रँकचं कर्ज होतं आणि साठएक बँका त्यात अडकल्या होत्या. सुरुवातीची योजनाच अशी होती की पार्क उघडलं की आजूबाजूच्या जमिनीवर बांधकाम करायचं, काही हॉटेलं विकायची आणि त्या पैशातून कर्ज उतरवायचं. जमीन सरकारकडून स्वस्तात मिळाली होती. एकूण क्षेत्र सुमारे १,९४० हेक्टर, म्हणजे पॅरिस शहराच्या पाचव्या हिश्शाएवढं. पण नव्वदीच्या सुरुवातीला पॅरिसच्या स्थावर बाजारात मंदी आली आणि हॉटेलांना गिऱ्हाईक मिळेना. मालमत्ता विकून येणारे पैसे आले नाहीत, व्याज मात्र ठरल्या तारखेला येतच राहिलं. फ्रान्समध्ये त्या काळात व्याजदरही चढे होते.

त्यात सप्टेंबर १९९२ मध्ये युरोपीय विनिमय व्यवस्थेत, म्हणजे युरोपातल्या चलनांचे दर एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेत, भूकंप झाला. पौंड आणि लिरा पडले, पेसेटाचं अवमूल्यन झालं. इंग्लंड, इटली, स्पेनच्या कुटुंबांना फ्रान्सची सहल एका महिन्यात महाग झाली. हे कारण वाइनपेक्षा कितीतरी वजनदार आहे, आणि ते पार्कच्या कुठल्याही व्यवस्थापकाच्या हातात नव्हतं.

आता रॉयल्टी, म्हणजे डिस्नेचं नाव आणि पात्रं वापरल्याबद्दल मूळ डिस्ने कंपनीला द्यायचे पैसे. तिकिटांच्या आणि राइडच्या उत्पन्नावर १० टक्के, खाणंपिणं आणि वस्तूंच्या विक्रीवर ५ टक्के, आणि शिवाय व्यवस्थापन शुल्क: उत्पन्नाच्या ३ टक्के, पुढे ते ६ होणार होतं. हे सगळं उत्पन्नावर, नफ्यावर नाही. खळ्यावर धान्याची रास पडली की आधी मालकाचा वाटा बाजूला काढायचा, बियाणं-खताचा हिशेब कसणाऱ्याने नंतर बघायचा, तसा हा करार. मुलांना हा एक मुद्दा कळला तरी सत्र सार्थकी लागेल.

मार्नच्या तीरावरून

मी पॅरिसच्या पूर्वेकडच्या उपनगरात राहते, तिथूनची बाजू लिहिते.

तुमच्या प्रश्नाला इथला रेल्वेचा नकाशाच बरंचसं उत्तर देतो. आरईआर 'ए' या उपनगरी गाडीने पॅरिसच्या मध्यातून शेवटच्या थांब्यावर, मार्न-ला-व्हाले शेसीला, पाऊणएक तासात पोचता येतं. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर पार्कचं दार. ही सोय सरकारने करून दिली आणि ती पार्कला फायद्याचीच. पण तिच्यामुळेच लोक सकाळी येतात आणि रात्री पॅरिसला परत जातात. उघडतानाच सहा हॉटेलं आणि पाच हजारांवर खोल्या बांधून ठेवलेल्या. डिस्नेच्या फ्लोरिडातल्या पार्कला लोक आठवडाभर राहतात म्हणून तोच हिशेब इथे लावला. हिवाळ्यात तर इथे पाऊस, थंडी, संध्याकाळी लवकर अंधार. खोल्या कशा भरणार?

भारतातून, विशेषतः मुंबई-पुण्याहून येणारे युरोप सहलीचे गट मी नेहमी बघते. तेही एका दिवसात पार्क उरकतात आणि पुढच्या शहराला निघतात. राहतात ते मुख्यतः फ्रान्सच्या इतर भागांतून, इंग्लंडमधून, स्पेन-नेदरलँड्समधून आलेले कुटुंबवाले. १९९४ मध्ये पार्कच्या दाराशी वेगवान टीजीव्ही गाडीचं स्टेशन झालं, तेव्हापासून दूरच्या लोकांचं येणं सोपं झालं.

आणखी एक. इथल्या लोकांना हे पार्क परकं वाटत नाही. आजूबाजूला व्हाल द्युरोप नावाचं नवं गाव उभं राहिलंय: घरं, बाजारपेठ, विद्यापीठ. पार्कमध्ये हजारो लोक कामाला आहेत. २०२३ मध्ये पगारवाढीसाठी संप झाला तेव्हा घराघरात त्याचीच चर्चा होती. त्यामुळे 'फ्रेंचांनी झिडकारलं' हे वाक्य मुलांना शिकवू नका, अशी माझी विनंती.

वारणेकाठची

दोघांचेही मनापासून आभार. ३६० कोटींचा खुलासा मला कुठल्याच पुस्तकात सापडला नव्हता.

पण त्यावरून पुढचा प्रश्न पडला. १९९४ मध्ये तडजोड झाली, १ ऑक्टोबर १९९४ पासून नाव बदलून डिस्नेलँड पॅरिस झालं, १९९५ मध्ये तिकीट पाचेक टक्के नव्हे तर तब्बल पाचव्या हिश्शाने उतरवलं, स्पेस माउंटन ही नवी राइड सुरू झाली, आणि त्या वर्षी १ कोटी ७ लाख लोक येऊन ११.४ कोटी फ्रँक नफाही झाला. म्हणजे दुखणं बरं झालं होतं. मग २००५ मध्ये पुन्हा कर्जाची फेररचना, २०१२ मध्ये पुन्हा, २०१४ मध्ये पुन्हा का? आणि ज्या सामान्य फ्रेंच माणसांनी १९८९ मध्ये ७२ फ्रँकला शेअर घेतला, त्यांचं शेवटी काय झालं?

जमाखर्च

दुखणं बरं झालं नव्हतं, पुढे ढकललं होतं. १९९४ च्या तडजोडीत बँकांनी काही काळ व्याज सोडलं आणि मुद्दल लांबवलं, डिस्नेने पाच वर्षं रॉयल्टी आणि व्यवस्थापन शुल्क सोडलं, ६०० कोटी फ्रँकचे नवे शेअर काढले. सौदी राजपुत्र अलवलीद पैसे घेऊन आले आणि डिस्नेचा हिस्सा ४९ वरून ३९ टक्क्यांवर आला. म्हणजे १९९५ चा नफा रॉयल्टी न देता आणि व्याजाची सवलत धरून झालेला आहे. त्या दोन गोष्टी पुन्हा खर्चात धरून मुलांना तो नफा मांडायला सांगा. शिल्लक काही राहत नाही.

मग मार्च २००२ मध्ये दुसरं पार्क उघडलं, वॉल्ट डिस्ने स्टुडिओज. उघडताना आत बघण्यासारखं फार थोडं होतं. तिकीट मात्र वेगळं. ११ सप्टेंबरनंतर प्रवासी कमी झालेले, आणि रॉयल्टीही पुन्हा सुरू झालेली. २००५ ची फेररचना ही त्याचीच परिणती.

गुंतवणूक_गप्पा

शेअरचं मी सांगतो, कारण हा भाग वाचताना मला फार वाईट वाटतं.

सामान्य लोकांनी ७२ फ्रँक दिले, म्हणजे आजच्या हिशेबात ११ युरोच्या आसपास. डिस्नेने आपला ४९ टक्के हिस्सा शेअरमागे १० फ्रँकने घेतला होता. एकाच कंपनीचे एकाच काळातले शेअर! पुढे प्रत्येक फेररचनेत नवे शेअर निघाले आणि जुन्यांचा वाटा पातळ होत गेला. २००७ मध्ये १०० जुन्या शेअरचा १ नवा केला. २०१२ मध्ये डिस्नेने १३० कोटी युरोचं कर्ज देऊन बँकांना बाहेर काढलं. २०१४ मध्ये १०० कोटी युरोची योजना आली, त्यात सुमारे ४२ कोटी रोख आणि ६० कोटी कर्जाचं भांडवलात रूपांतर. डिस्नेचा हिस्सा ७६.७ टक्के झाला. नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांनंतर पार्क काही दिवस बंद होतं, गर्दी घटली, आणि २०१६ च्या वर्षी ८५.८ कोटी युरो तोटा दाखवला, त्यात मालमत्तेचं मूल्य घटवल्याचे ५६.५ कोटी होते.

त्यानंतर फेब्रुवारी २०१७ मध्ये डिस्नेने अलवलीद यांच्या कंपनीकडून ९ टक्के घेतले आणि उरलेल्यांना शेअरमागे २ युरो देऊ केले. जूनमध्ये कंपनी बाजारातून काढली. १०० ला १ हे लक्षात घेऊन गणित करा: १९८९ च्या एका शेअरचे शेवटी दोन सेंट. अनेकांनी ते शेअर मुलांसाठी, प्रेमाने घेतलेले होते. डिस्नेने पंचवीस वर्षं आतून लूट केली असं माझं स्पष्ट मत आहे.

जमाखर्च

'लूट' या शब्दाशी मी सहमत नाही. डिस्नेने अनेकदा रॉयल्टी सोडली किंवा लांबवली, शेवटी सगळं कर्ज स्वतःच्या अंगावर घेतलं. ते नसते तर पार्क १९९४ लाच बंद झालं असतं आणि शेअरची किंमत तेव्हाच शून्य. पण करार मुळात विषम होता, हे मान्य. टोकियो डिस्नेलँडची १९८३ पासून मालकी ओरिएंटल लँड या जपानी कंपनीची, डिस्नेचा धोका जवळपास शून्य, रॉयल्टी तेवढी मिळते. तिथलं यश बघून पॅरिसमध्ये डिस्नेला मालकीही हवी होती आणि रॉयल्टीही. भरीला कर्ज भरमसाट. विद्यार्थ्यांना टोकियो आणि पॅरिस शेजारी ठेवून दाखवा.

खोपोलीजवळचं इमॅजिकाही जोडीला घ्या. २०१३ मध्ये उघडलं, सांगलीच्या शाळांच्या सहलीही जात असतील, राइड उत्तम. तिथेही दुखणं कर्जाचंच होतं. बँकांशी तडजोड होऊन २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. पार्क तेच, राइड त्याच, कर्ज उतरलं की ताळेबंद वेगळा दिसतो.

मार्नच्या तीरावरून

भवितव्याबद्दल. फेब्रुवारी २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँ आणि डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांची भेट झाली तेव्हा २०० कोटी युरोच्या विस्ताराची घोषणा झाली. जुलै २०२२ मध्ये मार्व्हलचा विभाग सुरू झाला. दुसऱ्या पार्कचं नाव बदलून डिस्ने ॲडव्हेंचर वर्ल्ड करायचं आणि फ्रोजनचा विभाग उघडायचा, त्यासाठी २९ मार्च २०२६ ही तारीख जाहीर झाली. कितीतरी वर्षं इथे कुंपणापलीकडे क्रेन दिसायच्या. मला यात आशा वाटते, कारण दुसरं पार्क कायम अर्धवट होतं आणि माणसं तिथे दुपारपर्यंतच थांबायची. ते भरलं तर दोन दिवसांची सहल होते, आणि हॉटेलाच्या खोल्या भरायला नेमकं तेच हवं.

एक व्यावहारिक गोष्ट. कंपनी बाजारात नसली तरी फ्रान्समधल्या कंपन्यांना वार्षिक हिशेब व्यापारी न्यायालयाच्या नोंदणी कार्यालयात द्यावे लागतात, त्याला इथे 'ग्रेफ' म्हणतात. पार्क चालवणारी कंपनी 'युरो डिस्ने असोसिये'. तिच्या नावाने शोधा. २०१७ पर्यंतचे वार्षिक अहवाल इंग्रजीतही निघत असत.

जमाखर्च

आणि ते हाती आले की प्रवाशांच्या संख्येवर वेळ घालवू नका. तीन ओळी बघा: मूळ कंपनीला दिलेली रॉयल्टी आणि शुल्क, व्याज, आणि हॉटेलांच्या सरासरी किती टक्के खोल्या भरल्या. आता कर्ज देणारा, मालक आणि रॉयल्टी घेणारा एकच आहे. त्यामुळे तोटा दिसला तरी पार्क बंद होण्याची भीती नाही, आणि नफा दिसला तरी तो किती खरा हे रॉयल्टीच्या ओळीशिवाय कळणार नाही. डिस्नेने २०२३ मध्ये पार्क आणि जहाजांवर दहा वर्षांत ६,००० कोटी डॉलर घालायचं जाहीर केलंय. पॅरिसला त्यातलं किती, याकडे लक्ष ठेवा.

वारणेकाठची

फार मोठं काम झालं. पहिल्या आठवड्यात १९९३ चा तोटा सोडवायचा, दुसऱ्यात १९९५ चा नफा रॉयल्टी आणि व्याज लावून पुन्हा मांडायचा, मग टोकियो, मग भागधारक. शेवटी वर्गाचे चार गट करून बँका, डिस्ने, फ्रेंच सरकार आणि लहान भागधारक यांच्या बाजूने १९९४ ची बैठक घ्यायची. 'लूट' की 'वाचवलं' हा तुमचा वाद मी तसाच वर्गात नेणार आहे, दोघांची हरकत नसेल तर.

आता एकच मदत उरली. ग्रेफमधले हिशेब फ्रेंचमध्ये असणार. ताळेबंदाची शीर्षकं आणि रॉयल्टीची टीप तेवढी मराठीत समजावून देणारं कुणी आहे का? दोन-तीन पानांपलीकडे काम नाही. सत्र दिवाळीनंतर सुरू होतं, तोवर झालं तरी चालेल. इथेच लिहावं, म्हणजे इतर शिक्षकांनाही उपयोगी पडेल.