अनुभव धागा: आपल्या मशीनवर हिरवी, सर्व्हरवर लाल – वेब ॲपच्या ऑटोमेटेड टेस्टची मांडणी लावताना काय काय अडलं?

रत्नागिरी (धागा काढणारा)

मंडळी, रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरी बसून वेब ॲप्लिकेशनचं काम करणारे आता गावोगाव भेटतात. कुणी पुण्या-मुंबईच्या कंपनीसाठी करतं, कुणी इथल्याच बागायतदारासाठी किंवा होमस्टेवाल्यासाठी. बाजूच्या खुर्चीवर विचारायला सीनियर नसतो. आणि टेस्ट लिहिताना फारसं अडत नाही, अडतं ती चालवायला जी मांडणी लागते तिथे. ब्राउझर, ड्रायव्हर, पत्ता, घड्याळ, फॉन्ट, डेटाबेस. यातलं काहीतरी आपण न लिहिता गृहीत धरलेलं असतं. मग कोड बरोबर असूनही टेस्ट लाल (म्हणजे नापास; पास झाली की हिरवी) होते आणि माणूस कोडच उकरत बसतो.

म्हणून हे आवतण. नुसतं उत्तर नको. एरर काय दिसली, संशय कुणावर गेला आणि खरं कारण कसं हाती लागलं, ते सांगा. कंपनीचं किंवा ग्राहकाचं नाव लिहू नका.

सुरुवात माझ्यापासून. एका प्रकल्पात नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) १६ वरून १८ वर गेलो आणि सगळ्या टेस्ट सुरू होण्याआधीच पडायला लागल्या. 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. ब्राउझरमध्ये हाताने लोकलहोस्ट (म्हणजे आपल्याच मशीनचा पत्ता) उघडलं तर साइट झकास दिसत होती, त्यामुळे सगळ्यांचा संशय फायरवॉलवर. एरर पूर्ण वाचली तेव्हा पोर्टच्या आधीचा पत्ता दिसला: ::१. म्हणजे टेस्ट आयपीव्ही६ च्या पत्त्यावर जात होती आणि आमचा डेव्ह सर्व्हर फक्त १२७.०.०.१ या आयपीव्ही४ च्या पत्त्यावर ऐकत होता. नोड १७ पासून (२०२१) लोकलहोस्टचे पत्ते सिस्टिम ज्या क्रमाने देते त्याच क्रमाने वापरले जातात. त्याआधी आयपीव्ही४ पुढे काढलं जायचं. ब्राउझर दोन्ही पत्ते करून पाहतो, म्हणून तिथे काही कळत नव्हतं. कॉन्फिगमध्ये लोकलहोस्टऐवजी १२७.०.०.१ लिहिलं, बेसयूआरएलमध्येही (साइटचा मूळ पत्ता) आणि सर्व्हर उठला का हे तपासणाऱ्या ओळीतही. एकाच ठिकाणी बदललं तर पुन्हा तेच. नोड २० पासून दोन्ही पत्ते आपोआप करून पाहिले जातात, त्यामुळे नव्या प्रकल्पात हे कमी दिसेल; जुन्यात मात्र अजून भेटतं.

देवगड

माझा अनुभव आंब्याच्या सीझनमधला. हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकणारी साइट आहे, मार्च ते मे दिवसरात्र ऑर्डरी. 'आज नोंदवलेली ऑर्डर यादीत आजच्या तारखेखाली दिसली पाहिजे' अशी साधी टेस्ट. दिवसा कधीच पडत नसे. मध्यरात्र उलटल्यावर कुणी कोड ढकलला की हमखास पडायची, आणि सकाळी तीच पुन्हा चालवली की हिरवी. आम्ही तिला 'फ्लेकी' (कधी पास, कधी नापास होणारी) म्हणून बाजूला टाकणार होतो.

टीममधल्या एकीने लाल रनच्या वेळा कागदावर मांडल्या. सगळ्या रात्री १२ ते पहाटे साडेपाच या पट्ट्यातल्या. मग डोक्यात उजेड पडला. सीआय म्हणजे ढकललेल्या कोडवर आपोआप टेस्ट चालवणारा सर्व्हर. त्याचं मशीन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), आपण साडेपाच तास पुढे. त्या पट्ट्यात आपल्याकडे नवी तारीख लागलेली असते आणि तिकडे अजून काल चालू असतो.

प्लेराइटच्या (ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट घेणाऱ्या टूलच्या) कॉन्फिगमध्ये टाइमझोनआयडी 'एशिया/कोलकाता' केला, तरी टेस्ट पडलीच! हा भाग नीट वाचा, कारण बहुतेक ठिकाणी अर्धंच सांगतात. ते सेटिंग फक्त ब्राउझरमधल्या पानाला लागू होतं. अपेक्षित तारीख काढणारी आमची टेस्ट नोडमध्ये चालते आणि नोड स्वतःच्या मशीनचं घड्याळ बघतो. त्यासाठी टीझेड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाइपलाइनमध्ये वेगळा द्यावा लागतो. शिवाय डेटाबेसचा टाइमझोन तिसरा. तिन्ही एका रेषेत आले तेव्हा कुठे शांत झालं.

त्याच सुमारास लोकेलही (भाषा आणि आकडे लिहायची पद्धत) लिहून टाकला. प्लेराइट काही सांगितलं नाही तर अमेरिकन इंग्रजी धरतो, त्यामुळे सव्वा लाखाचा आकडा 125,000 च्या धर्तीवर तीन-तीन अंकांनी तुटायचा आणि आमची टेस्ट मागायची 1,25,000. लोकेल मराठी केला की आकडेच देवनागरी होतात. ग्राहकांना ते आवडतं, पण टेस्टमधली तुलना त्याप्रमाणे बदलावी लागते.

वेंगुर्ला

छोटंसं. विंडोजवर सगळं चालतं, लिनक्स सीआयवर 'मॉड्यूल सापडत नाही'. फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल होतं, इम्पोर्टमध्ये स्मॉल. विंडोजला दोन्ही सारखंच, लिनक्सला नाही. आणि विंडोजवर नुसती केस बदलून नाव दिलं तर गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलला) बऱ्याचदा बदल कळतच नाही. 'गिट एमव्ही' करून बदला.

चिपळूण

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी सेलेनियम (प्लेराइटसारखंच ब्राउझर चालवणारं टूल) वापरतोय. व्हिडिओत सांगतात तसं क्रोमड्रायव्हर (सेलेनियम आणि क्रोम यांच्यातला दुवा) उतरवून सी ड्राइव्हवर ठेवला, पाथमध्ये (सिस्टिम प्रोग्राम शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) टाकला. चाललं. पुढे क्रोम आपोआप अपडेट झाला आणि 'सेशन नॉट क्रिएटेड, हा ड्रायव्हर फक्त अमुक आवृत्तीला चालतो' असं यायला लागलं. आमच्या गटातल्या मालवणच्या मित्राचं एकच, "काल चलत होतां मां, आज काय झालां?"

शोधल्यावर कळलं, की सेलेनियम ४.६ पासून सेलेनियम मॅनेजर सोबतच येतो आणि जुळणारा ड्रायव्हर स्वतः आणतो. म्हणून सेलेनियम अपडेट केलं. एरर तीच! कारण पाथमध्ये ड्रायव्हर सापडला तर तो आधी वापरला जातो. जुनी फाइल पाथमधून काढली आणि प्रश्न संपला. लॅबमधल्या सगळ्या मशीनवर तोच जुना ड्रायव्हर पडलेला होता, तो आम्ही सगळीकडून काढून टाकला. सरांनी पुढच्या बॅचच्या सूचनांमधून ड्रायव्हर उतरवायची पायरीच वगळली.

मालवण

आमच्याकडे होड्यांच्या बुकिंगची साइट आहे. टेस्ट 'उद्याची' तारीख निवडते, दोन माणसं टाकते, पैसे भरायच्या पानापर्यंत जाते. दिवाळीपासून ती एकदाही पडली नव्हती. मे संपता संपता लाल झाली ती झालीच.

त्याच आठवड्यात कॅलेंडरची लायब्ररी अपडेट झाली होती, त्यामुळे सगळा रोख तिच्यावर. जुनी आवृत्ती परत आणली, लॉक फाइल (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) मागे नेली, उपयोग शून्य. शेवटी प्लेराइटचा ट्रेस उघडला. हा ट्रेस म्हणजे प्रत्येक क्लिकच्या आधीचं आणि नंतरचं पान जसंच्या तसं दाखवणारी नोंद. त्यात उद्याची तारीख करड्या रंगात, क्लिक न होणारी. आणि ते बरोबरच होतं! पावसाळ्यात होड्या बंद असतात, साइट त्या तारखा देतच नाही. ॲप आपलं काम चोख करत होतं, टेस्टला ऋतू माहीत नव्हता.

प्लेराइट १.४५ पासून (२०२४) पानाचं घड्याळ हवं त्या तारखेवर थांबवता येतं. जानेवारीतली एक तारीख पक्की केली. पान खूश, पण बुकिंगची विनंती सर्व्हरने नाकारली, कारण सर्व्हर स्वतःचा जून बघत होता. देवगडकरांनी लिहिलंय तेच, घड्याळं एकापेक्षा जास्त असतात. मग फक्त टेस्टच्या सर्व्हरवर 'आजची तारीख' बाहेरून देता येईल असं केलं. ती सोय चुकून खऱ्या साइटवर जाऊ नये म्हणून वेगळी तपासणीही घातली. आणि जुलैची तारीख धरून एक उलटी टेस्ट लिहिली: बुकिंग होता कामा नये, 'सीझन बंद' असा निरोप दिसला पाहिजे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची टेस्ट तीच. समुद्र खवळलेला असताना कुणाला चुकून होडीचं तिकीट मिळालं तर ते परवडणारं नाही.

सावंतवाडी

मी एका वाचनालयाच्या पुस्तकयादीची साइट सांभाळते. सगळा मजकूर मराठी, त्यामुळे माझ्या अडचणीही वेगळ्या.

पहिली फॉन्टची. सीआयवरच्या स्क्रीनशॉटमध्ये मराठीच्या जागी नुसते चौकोन. गंमत अशी की मजकूर तपासणाऱ्या टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण पानाच्या आत अक्षरं बरोबरच असतात. ती रंगवायला फॉन्ट नसतो एवढंच. डॉकरची इमेज (टेस्ट जिच्यात चालतात ती तयार, बंदिस्त सिस्टिम) आटोपशीर होती, तिच्यात देवनागरी फॉन्टच नव्हता. लोहित किंवा नोटो यांचं देवनागरी पॅकेज घातलं की चौकोन जातात. तुलनेचे मूळ स्क्रीनशॉटही त्याच इमेजमध्ये काढा. विंडोजवर काढलेले लिनक्सवर जुळणार नाहीत, जोडाक्षरांची उंची-रुंदीच बदलते.

दुसरी अडचण मात्र फार छळणारी. शोधात 'किनाऱ्यावर' टाकलं की एक पुस्तक यायला हवं. टेस्ट म्हणायची अपेक्षित 'किनाऱ्यावर', मिळालं 'किनार्‍यावर', आणि पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसायचे. मी दोन्ही शब्द तोडून एकेका अक्षराचा युनिकोड क्रमांक छापला. एकात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. वेगवेगळ्या कीबोर्डांवरून टंकलेला मजकूर, दुसरं काही नाही. जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइझ लावून पाहिलं. र आणि नुक्ता सुटे असतील तर ते त्यांना एकत्र करतं, पण जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही. त्यासाठी स्वतः एक बदल-नियम लिहावा लागला.

तो नियम टेस्टमध्ये टाकायचा मोह झाला होता, टेस्ट लगेच हिरवी झाली असती. पण मग वाचकाला पुस्तक सापडलंच नसतं. म्हणून नियम ॲपमध्ये गेला: साठवतानाही आणि शोधतानाही. मराठी साइट करणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, हा शब्द तुमच्या शोधात आजच दोन्ही तऱ्हांनी टाकून बघा.

अलिबाग

डॉकरमध्ये क्रोम मध्येच मरायचा, जड पानांवरच. कारण शेअर्ड मेमरी. डॉकर कंटेनरला मुळात ६४ एमबीच देतो. चालवताना ती वाढवा, नाहीतर क्रोमला ती जागा न वापरण्याचा फ्लॅग द्या. आम्ही वाढवली.

आणखी एक: टेस्ट एकेकट्या हिरव्या आणि एकत्र लाल असतील तर आधी वर्कर्स (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रक्रिया) एकावर आणून बघा. हिरव्या झाल्या तर बहुधा डेटाचं भांडण आहे. आमच्या दोन टेस्ट एकाच ग्राहकाच्या नावाने लॉगिन करून एकमेकींची कार्ट रिकामी करत होत्या. कायम एकच वर्कर ठेवणं मला पटत नाही. प्रत्येक वर्करला स्वतःचा ग्राहक दिला.

दापोली

वरच्या सगळ्यांकडे इंटरनेट आहे असं दिसतंय! आमच्याकडे पावसात लाइट गेली की राउटर इन्व्हर्टरवर चालतो, पण टॉवरच झोपतो. म्हणून काही गोष्टी मुद्दाम लावून घेतल्यात. प्लेराइटची प्रत्येक आवृत्ती स्वतःला जुळणारे ब्राउझर मागते, म्हणजे आवृत्ती बदलली की पुन्हा शेकडो एमबी. तर आवृत्ती लॉक फाइलमध्ये पक्की, 'एनपीएम इन्स्टॉल'ऐवजी 'एनपीएम सीआय' (लॉक फाइलमधल्याच आवृत्त्या बसवणारी कमांड), आणि फक्त क्रोमियम उतरवायचा. बाकीचे ब्राउझर सीआयवर.

टाइमआउट वाढवायचा सल्ला सगळे देतात. मी वाढवून पाहिला, टेस्ट तेवढाच जास्त वेळ थांबून पडायच्या. ट्रेसच्या नेटवर्कच्या यादीत दिसलं की आमचं पान केव्हाच आलेलं असायचं, अडकून राहायचे ते बाहेरचे नकाशे आणि ॲनालिटिक्स. आणि टेस्टमध्ये 'नेटवर्क आयडल'ची वाट पाहायला सांगितलं होतं, म्हणजे सगळी रहदारी थांबेपर्यंत. प्लेराइटवाले स्वतःच टेस्टमध्ये ते वापरू नका म्हणतात. बाहेरच्या विनंत्या टेस्टपुरत्या अडवल्या आणि हवं ते बटण दिसेपर्यंत थांबायला सांगितलं. आता मुसळधार पावसातही टेस्ट चालतात.

गुहागर

दापोलीकर, रिट्राय (नापास टेस्ट आपोआप पुन्हा चालवणं) किती ठेवता? आमच्याकडे दोन आहेत आणि सगळं हिरवंच दिसतं, याचीच मला काळजी वाटते.

दापोली

घरी शून्य, सीआयवर एक. आणि ट्रेस 'पहिल्या रिट्रायला' चालू. दुसऱ्यांदा पास झालेली टेस्ट रिपोर्टमध्ये 'फ्लेकी' म्हणून वेगळी येते, ती यादी आम्ही दर शुक्रवारी उघडतो. दोन ठेवलेत तरी चालतील, पण ती यादी कुणीतरी वाचली पाहिजे.

रत्नागिरी (धागा काढणारा)

गुहागरकर, त्या यादीत टेस्टचं नाव, रनची वेळ आणि मशीन एवढं शेजारी लिहून ठेवा. देवगडची गाठ वेळांवरूनच सुटली. आणखी एक बघा: कॉन्फिगमध्ये 'आधीच चालू असलेला सर्व्हर वापर' हे सेटिंग घरी चालू असेल, तर पोर्ट ३००० वर दुसऱ्याच ब्रँचचा जुना सर्व्हर उठलेला असू शकतो. टेस्ट हिरव्या होतात, पण भलत्याच कोडच्या. सीआयवर ते बंदच ठेवा.

महाड, राजापूर, कणकवलीकडच्यांनो, तुमचेही येऊ द्यात. जेस्टवर (जावास्क्रिप्टच्या टेस्ट चालवणारं आणखी एक टूल) अजून कुणी लिहिलं नाही. २७ व्या आवृत्तीपासून त्याचं मूळ वातावरण ब्राउझरसारखं न राहता नोडचं झालं, आणि २८ पासून जेएसडॉमचं (नोडमध्ये ब्राउझरच्या पानाची नक्कल करणारं) पॅकेज वेगळं बसवावं लागतं. 'डॉक्युमेंट इज नॉट डिफाइन्ड' बघून अडलेला कुणी असेल तर आधी हे दोन तपासा, आणि तरी सुटलं नाही तर पूर्ण एरर इथे टाका.