मदत हवी आहे: तिघांच्या प्रार्थनागटात गुप्तता कशी जपावी?

प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांचे तिघातिघांचे गट सुरू करायचे आहेत. मुलगे वेगळे, मुली वेगळ्या, आठवड्याला एक तास. आधार बायबलमधल्या याकोब ५:१६ चा: एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये अशाच छोट्या गटांसाठी नियम केले होते. नव्या माणसाला आधीच विचारत, तुझे दोष तुला सांगितलेले हवेत का? ही संमती फार मोलाची. ती नसली की विचारपुशीची उलटतपासणी होते आणि माणूस यायचा थांबतो.

खरी अडचण पुढे आहे. एकाची कबुली 'याच्यासाठी प्रार्थना करा' म्हणत व्हॉट्सॲपवर फिरते. गुप्ततेचं वचन नेमक्या कोणत्या शब्दांत घ्यावं? आणि जिवाला धोका दिसल्यास पाळकांना कळवणार, हे पहिल्याच भेटीत कसं सांगावं? वापरात असलेला मसुदा कुणाकडे असल्यास कृपया द्या.