मुलाचा पेट स्कॅन : मेंदू ‘वयानुसार नॉर्मल’ हे ठरवतात कशावरून?

नमस्कार मंडळी,

मुलगा सहा वर्षांचा. फिट्स दोन औषधांनीही आटोक्यात येईनात, म्हणून मागच्या आठवड्यात मेंदूचा पेट स्कॅन (PET, मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते दाखवणारी तपासणी) केला. सकाळपासून उपाशी, त्यात इंजेक्शननंतर अर्धा-पाऊण तास मंद उजेडाच्या खोलीत गप्प पडून राहायचं. मोबाईल नाही, गोष्ट नाही. बिचारा माझ्या शर्टाची बटणं मोजायला लागला, तर टेक्निशियन ताईंनी तेही थांबवलं. पाहिलं, बोललं की मेंदूचा तो तो भाग जास्त साखर ओढतो म्हणे.

रिपोर्टात आलंय : डाव्या टेम्पोरल (कानाजवळच्या) भागात ग्लुकोजचा, म्हणजे साखरेचा वापर कमी, बाकी मेंदू वयानुसार नॉर्मल. हे ‘वयानुसार’ काही डोक्यातून जाईना. ते ठरवायला निरोगी मुलांचे स्कॅन हवेत, पण इंजेक्शनमधलं औषध किरणोत्सारी, धडधाकट पोराला नुसतं अभ्यासासाठी ते कोण टोचू देईल?

शोधल्यावर मुलांच्या मेंदूविकारांचे डॉक्टर हॅरी चुगानी आणि सहकाऱ्यांचा १९८७चा अभ्यास सापडला. ५ दिवसांपासून १५ वर्षांपर्यंतची मुलं, पण एकूण २९च! तीही मेंदूची तात्पुरती तक्रार होऊन गेलेली, पण वाढ नीट असलेली. निष्कर्ष मात्र भन्नाट. जन्मतः मेंदूचा साखरेचा खप कमी, दोन वर्षांत तो मोठ्यांइतका होतो, आणि तीन-चार वर्षांपासून साधारण नवव्या वर्षापर्यंत मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट! मग हळूहळू उतरतो.

म्हणजे माझ्या पोराचा मेंदू ऐन भरात. मग त्याची तुलना नेमकी कोणाशी केली? दोन्ही बाजूंना वापर कमी असता तर कळलं असतं का? जाणकारांनी सांगावं. चूभूद्याघ्या.

प्रतिसाद :
दादा, मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्निशियन आहे. रोजच्या स्कॅनमध्ये आम्ही खपाचा खरा आकडा काढत नाही, त्याला पुन्हा पुन्हा रक्त घ्यावं लागतं. डॉक्टर मुख्यतः डावं-उजवं ताडून बघतात. तुमच्याकडे फरक एकाच बाजूला आहे, तो त्यात दिसतो. दोन्हीकडे सारखाच कमी असेल तर चकायला होतं, तुमची शंका रास्त आहे. काही संशोधकांनी मेंदूबाहेरच्या कॅन्सरसाठी स्कॅन झालेल्या मुलांचे मेंदू तुलनेला घेतलेत, पण तीही आजारीच मुलं. एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) सोबत ठेवूनच हा रिपोर्ट वाचून घ्या. आणि इंजेक्शनच्या वेळी फिट आली होती का, ते डॉक्टरांना नक्की सांगा. फिट चालू असताना तो भाग उलट जास्त साखर ओढतो, त्याने चित्र उलटं दिसू शकतं.