उन्हाळ्याची सुट्टी आणि थोडक्यात निभावलेले प्रसंग : तुमचे अनुभव लिहा

परवा सकाळी साडेअकराला सोसायटीच्या बागेत माझी चार वर्षांची लेक पत्र्याच्या घसरगुंडीवर बसली आणि किंचाळलीच. मांडीमागे तळहाताएवढा लाल चट्टा. वीस मिनिटं नळाखाली धरली. एक काकू धावत टूथपेस्ट घेऊन आल्या, त्यांना कशीबशी परत पाठवली. आता आधी माझ्या हाताची पालथी बाजू पत्र्यावर टेकवते, मगच हिला सोडते.

मुलांना सुट्टीभर कोंडून ठेवणं मला पटत नाही. पण बाहेर नेमकं काय घडतं, ते ज्यांच्यावर गुदरलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. उपदेश नकोत, घडलेलं लिहा.

वऱ्हाडी ठेचा

आम्ही अकोल्याचे. मुलगा अकरा वर्षांचा, भर दुपारी क्रिकेट खेळून आला आणि डोकं दुखतंय म्हणून झोपला. सासूबाईंनी खिशात कांदा ठेवला होता, म्हणून त्या निर्धास्त. उलटी झाली. मग तो मला "ताई" म्हणायला लागला. त्याला ताई नाहीच! अंगाला हात लावला तर तवा, आणि घामाचा टिपूस नाही. कपडे काढले, ओली चादर गुंडाळली, गाडीत एसी लावून दवाखाना गाठला. ताप १०५. डॉक्टर म्हणाले, पोर असंबद्ध बोलायला लागलं की क्रोसिन देत घरी बसायचं नाही, हा ताप त्याने उतरत नसतो. रस्त्यातही अंग ओलं ठेवलंत ते बरं केलंत.

कांदा भाजीत घालतो आता. खेळ सकाळी नऊच्या आत, नाहीतर पाचनंतर.

गच्चीवरचे पापड

@वऱ्हाडी, बापरे. एक भर घालते. ओआरएसचं लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात अख्खं टाकायचं. आमच्याकडे "थोडंसं ग्लासात" असं चालायचं, त्याने प्रमाण बिघडतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा पोह्यांचा नव्हे, चहाचा. आणि ही सगळी तजवीज पोर शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तरच.

द्राक्षवाला

सिन्नरकडचा शेतकरी आहे. लिहावं की नाही, असं चाललं होतं.

आमचं शेततळं आहे, प्लॅस्टिकच्या कागदाचं. पुतण्या नऊ वर्षांचा, नाशिकहून सुट्टीला आलेला. मी स्वतः त्याला विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलं होतं, त्यामुळे मला त्याची काळजी नव्हती. चूक तिथेच झाली. चप्पल पाण्यात गेली म्हणून तो उतरला. शेततळ्याचा उतार तिरका, त्यावर कागद, कागदावर शेवाळ. पट्टीचा पोहणाराही काठापर्यंत येतो आणि घसरतो, पुन्हा येतो, पुन्हा घसरतो. दमतो तो पाण्याने नाही, त्या कागदाने.

आरडाओरडा काही झाला नाही. सिनेमात ओरडतात तसं बुडणारं माणूस ओरडतच नाही, श्वासच पुरत नाही. कामावरच्या मावशी मोटार बंद करायला आल्या होत्या, त्यांना कागदावर नुसते दोन हात दिसले. त्या पाण्यात उतरल्या नाहीत, हे फार शहाणपणाचं. बांधावर पडलेली ठिबकची नळी फेकली, स्वतः खाली बसल्या, दोन्ही पाय रोवले आणि ओढला. त्याच्या नखांत हिरवं शेवाळ चार दिवस होतं. वहिनी रोज काडीने काढायची आणि रडायची.

त्याच आठवड्यात चारही बाजूंनी जाळी, फाटकाला कुलूप, आणि प्रत्येक बाजूने गाठी मारलेला नायलॉनचा दोर आत सोडला, टोकाला हवा भरलेली जुनी ट्यूब. तळं खोदताना पाणी किती मावेल याचा हिशेब सगळे करतात. आत पडलेला वर कसा येईल हे मला तरी कोणी विचारलं नव्हतं.

गडग्यावरची घोरपड

अंगावर काटा आला. आमचं रायगड जिल्ह्यातलं गाव. भाचीचा चेंडू जांभ्याच्या गडग्यात गेला, तिने सरळ हात घातला. आत विंचू होता, लाल. पंधरा मिनिटांत घामाने निथळली, ओकली, हातपाय बर्फासारखे. शेजारचे आजोबा मंत्र टाकणाऱ्याला बोलवत होते. भाऊ त्यांना न जुमानता रिक्षात घालून घेऊन गेला. दवाखान्यात प्राझोसिनची गोळी दिली, रात्रभर ठेवून घेतलं. महाडच्या डॉ. बावस्करांनी विंचूदंशावर या गोळीचा उपयोग दाखवून दिला, त्याआधी कोकणात अशी किती मुलं हातची गेली हे जुन्या माणसांना विचारा. चेंडू आता काठीने काढतात.

उलट्या ऋतूतली

मेलबर्नहून. इथे उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. लेकाच्या शाळेत टोपी नसेल तर मैदानावर खेळता येत नाही, सावलीत बसावं लागतं. पहिल्या आठवड्यात तो दोनदा बसला, मला फार राग आला होता. आता टोपी मीच आधी दप्तरात टाकते. आपण सावळे, आपल्याला काय होतंय, हा माझा समज होता. त्याची सोललेली मान पाहून तो गेला.

गच्चीवरचे पापड

@द्राक्षवाला, दादा, माहेरी शेततळं आहे, जाळी आहे पण दोर नाही. गाठी किती अंतरावर?

द्राक्षवाला

ताई, फुटा-फुटावर. मी आधी दोन फुटांवर मारल्या होत्या. पुतण्याने बांधावर धरून बघितलं, त्याचा हात पुढच्या गाठीला पोचेना, तेव्हा सोडून पुन्हा बांधल्या. ट्यूब पंक्चरवाल्याकडे मिळते. आणि दोर दरवर्षी बदला, उन्हाने तो कुजतो.