पेंड-कोंडा मोठ्या माशांना ठीक, पिल्लांचं काय?
पेंड आणि कोंडा निम्मा-निम्मा दिला की पिल्लांनाही पुरतं, विकतचं खाद्य म्हणजे पैशांची उधळण, असं मत्स्यपालनात काही जण सांगतात. मोठ्या रोहू-कटल्यापुरतं मान्य. पण हिशोब करून बघा: शेंगदाणा पेंडीत प्रथिनं ४०-४५ टक्के, भाताच्या कोंड्यात जेमतेम १२-१३. मिश्रण जातं २७-२८ वर. मत्स्यजिऱ्याला (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना) ४० च्या आसपास लागतात, बोटुकलीला (बोटाएवढ्या झालेल्या पिल्लांना) ३०-३५.

मग मातीच्या तळ्यात याच मिश्रणावर पिल्लं वाढतात कशी? खरं पोट भरतं ते प्राणीप्लवंगांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांवर. त्यांच्या कोरड्या वजनात साधारण निम्मी प्रथिनंच असतात, म्हणून तर जिरे सोडण्याआधी शेणखत टाकून पाण्यात प्लवंग वाढवून घ्यायचे. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात तळाला माती नसते, प्लवंग सहज धरत नाहीत, आणि तिथे पेंड-कोंड्याचं पितळ उघडं पडतं. अशा तळ्यात सुरुवातीला तरी जास्त प्रथिनांचं बारीक चुरा खाद्य घ्याच. (स्वस्तात मिळाली म्हणून बुरशीची पेंड तर मुळीच नको, बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष माशाच्या यकृतावर जातं.) मात्र गरजेपेक्षा जास्त प्रथिनं देऊनही वाढ होत नाही, जादाचा अमोनिया होऊन पाण्यात उतरतो.