बसचे प्रवासी घटले म्हणतात, मग थांब्यावर उभे असतात ते कोण?

विक्रोळीची वृंदा

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण प्रश्न मनापासून विचारतेय.

गेल्या मंगळवारी सकाळी आठ ते साडेनऊ मी कन्नमवार नगरातल्या आमच्या थांब्यावर वही-पेन घेऊन बसले. मला कोणी सांगितलं नव्हतं. बेस्टचे, म्हणजे आपल्या मुंबईच्या शहर बसचे, प्रवासी घटले, घटले हे वाचून वाचून वाटायला लागलं होतं की ही माणसं जातात तरी कुठे, एकदा डोळ्यांनी बघू या. दीड तासात थांब्यावर येऊन उभी राहिली ५८ माणसं. बसमध्ये चढली ३७. उरलेली २१ शेअर रिक्षाने स्टेशनला गेली.

ती २१ माणसं आल्या आल्या रिक्षात बसली नाहीत. आधी रस्त्याकडे मान लांब करून बघायची, मग मोबाइलमध्ये, मग परत रस्त्याकडे. तेवढ्यात दोन सीट भरलेला रिक्षावाला "स्टेशन, स्टेशन, एक सीट" करत समोर आला की निघायची. एक शाळकरी मुलगा तर एक पाय रिक्षात ठेवूनही मागे वळून बघत होता. एक आजी मात्र शेवटपर्यंत थांबल्या. म्हणाल्या, "रिक्षात तिघांत दाटून बसलं की माझा गुडघा वळत नाही गं." बस आल्यावर पुढच्या दाराच्या दांड्याला धरून सावकाश चढल्या, आणि चढताना मला हात केला.

या २१ जणांची नोंद कुठल्याही कागदावर नाही. तिकीट निघालं नाही म्हणजे तो प्रवासी नाही, असं धरलं जातं. पण ती माणसं थांब्यावर आली होती. बसनेच जायला आली होती.

माझं लहानपण याच थांब्यासमोर गेलं. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून रांग दिसायची. रांग कोपऱ्यावरच्या पिंपळापाशी वळली की आई म्हणायची, "चला, साडेसात झाले." घड्याळ बंद पडलं तरी आमचं काही अडलं नाही. मुंबईत बससाठी लोक रांग लावतात याचा मला तेव्हाही अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

२०१० च्या आसपास बेस्टने रोज ४० लाखांहून जास्त लोक प्रवास करत. आता आकडा ३० लाखांच्याही आत आहे. मला एवढंच समजून घ्यायचंय: प्रवासी कमी झाले म्हणून बस कमी झाल्या, की बस कमी झाल्या म्हणून प्रवासी? ज्यांनी या कामात आयुष्य घातलंय त्यांनी कृपया सांगावं.

पंच आणि पिशवी

वृंदाताई, तुम्ही वही घेऊन बसलात हे वाचून फार बरं वाटलं. मी १९९० ला वाहक म्हणून लागलो आणि २०२० ला निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं ६६ नंबरवर, म्हणजे सायनचा राणी लक्ष्मीबाई चौक ते बॅलार्ड पियर. माझ्याकडे आकडे नाहीत. मी बघितलेलं सांगतो.

आमच्यात सगळा हिशोब फेरीचा असतो. मी लागलो तेव्हा एका पाळीत माझ्या सहा खेपा व्हायच्या, तीन जायच्या आणि तीन यायच्या. पुढे पाच झाल्या. शेवटच्या काही वर्षांत पाच झाल्या तर तो दिवस चांगला, एरवी चारच. चालक तोच, बस तीच, दोघांचे पगार तेच, डिझेल उलट जास्त, कारण सिग्नलला उभी बसही डिझेल खाते. पण सहाच्या चार खेपा झाल्या म्हणजे त्या बसने एक तृतीयांश माणसं कमी नेली. बस आगारातून एकही कमी निघाली नव्हती, बरं का. ती नुसती रस्त्यात अडकली होती. दोन्ही बाजूंनी उभ्या गाड्या, त्यातून उरलेल्या एका रांगेत बस, टॅक्सी, हातगाडी, सगळेच. थांब्यावर बस कडेला लावायला जागा नसायची. म्हातारी माणसं रस्त्याच्या मध्यावर उतरायची, आणि मी खाली उतरून मागची मोटरसायकल हाताने थांबवायचो.

मग कागदावर काय दिसतं? या मार्गाचं उत्पन्न घटलं. उत्पन्न घटलं की त्या मार्गावरची एक बस काढतात. एक बस काढली की पुढच्या थांब्यावरचा माणूस आणखी थांबतो, आणि तुमच्या २१ जणांत एकाची भर पडते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या लेखी हेच: बस आधी गेली.

एक दिवस मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. ९ जुलै २०१९. कमीत कमी भाडं ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आलं, पहिल्या पाच किलोमीटरला. त्या दिवशी दुपारपर्यंत माझी चामड्याची पिशवी पाचच्या नाण्यांनी इतकी जड झाली की पट्टा खांद्यात रुतला. जी माणसं दोन थांब्यांसाठी चालत जायची ती बसमध्ये दिसायला लागली. भाजीची पिशवी घेतलेल्या बायका, क्लासची मुलं. एका बाईने विचारलं, "मास्तर, खरंच पाचच?" मी म्हटलं, "पाचच, बसा." तिने बसायच्या आधी नातवाचंही तिकीट काढलं, जो तिच्यासोबत एरवी पायी चालायचा. प्रवासी कुठेही गेले नव्हते, ताई. फुटपाथवरून चालत होते.

घाटकोपरचा अमेय

काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून एक वेगळी बाजू. सगळेच प्रवासी बसने हाकलले असं नाही, काही जण खुशीने गेले. मी कॉलेजला असताना घाटकोपर ते अंधेरी ३४० नंबरच्या बसने जायचो. असल्फा, साकीनाका, मरोळ, आणि पावसाळा असेल तर देवाचं नाव. जून २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि तोच प्रवास वीस मिनिटांच्या आत आला. मी परत बसमध्ये बसलो नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. आता तर आरेपासून कफ परेडपर्यंत भुयारी मेट्रो आहे.

पण एक कबूल करतो. मेट्रोतून उतरल्यावर ऑफिसपर्यंतचा दीड किलोमीटर रोज प्रश्न असतो. तिथे मला बसच हवी आहे, लहान चालेल, पण लागोपाठ येणारी. आपण लांबच्या प्रवासाचे प्रवासी मेट्रोला दिले तर या छोट्या अंतराला बस वाढायला हव्या होत्या. तसं झालेलं दिसत नाही.

हिशोबनीस

वृंदाताईंच्या प्रश्नाला एका भागाकारानेच उत्तर मिळतं, म्हणून लिहितो. २०१० च्या सुमाराला बेस्टचा ताफा साडेचार हजारांच्या घरात होता आणि प्रवासी ४० लाखांवर. म्हणजे एका बसमागे रोज साधारण नऊशे माणसं. २०२५ च्या भाडेवाढीनंतर प्रवासी २५ लाखांच्या आसपास आले आणि ताफा पावणेतीन हजारांच्या आसपास. भागून बघा. परत नऊशेच!

म्हणजे रस्त्यावर जी बस आहे ती पंधरा वर्षांपूर्वीइतकीच माणसं वाहते आहे. प्रवाशांनी बसकडे पाठ फिरवली असती तर हा आकडा कोसळायला हवा होता. कोसळला तो ताफा.

ताफा का कोसळला, तर पैसा. कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंत वीजही बेस्टचीच. पूर्वी विजेच्या शिलकीतून बसची तूट भरून निघायची. २००३ च्या वीज कायद्यानंतर ती वाट अरुंद होत गेली. जुन्या बस मोडीत निघाल्या, त्या जागी स्वतःच्या नव्या घेणं जमेना, आणि २०१९ पासून भाडेतत्त्वावरच्या बस आल्या. बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, बेस्ट त्याला किलोमीटरमागे पैसे देणार. काही ठेकेदार परवडत नाही म्हणून मध्येच निघून गेले आणि त्यांच्या बसही गेल्या. ५ रुपयांचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. चुकलं ते एवढंच की भाडं कमी करताना तूट कोण भरणार आणि बस कुठून येणार, हे वर्षानुवर्षांसाठी बांधून घेतलं नाही. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींवर होता, त्यात बेस्टसाठी १,००० कोटी. पुलांना आणि रस्त्यांना आपण कधी विचारतो का, की तू फायद्यात आहेस का? मग बसलाच का विचारतो?

मंगल, मानखुर्द

मी चार घरी काम करते. मला मोठं लिहिता येत नाही, मुलगी टाइप करून देते आहे.

मला दोन बस बदलायला लागतात. ९ मे २०२५ पासून पाचचे दहा झाले. आधी जाऊन-येऊन वीस लागायचे, आता चाळीस. महिन्याचे सव्वीस दिवस धरा. म्हणून मी आता पहिली बस सोडली. तेवढं अंतर चालते, दुसरी बस धरते. येताना पाय दुखत असले तर दोन्ही बस करते. माझ्याबरोबरच्या तिघी असंच करतात. त्या काकांनी लिहिलं ना, फुटपाथवर चालत होते, तसं आम्ही परत फुटपाथवर आलो. बस सोडलेली नाही. अर्धी सोडली आहे.

विक्रोळीची वृंदा

मंगलताई, "अर्धी सोडली आहे" हे मी वहीत लिहून घेतलं. माझ्या मोजणीत तुम्ही बसमध्ये चढलेल्या ३७ जणांत धरल्या गेल्या असत्या, आणि तुमची चाललेली अर्धी वाट मला कळलीही नसती.

हिशोबनीस, तुमचा भागाकार मी तीनदा करून पाहिला. काल रात्री नवऱ्यालाही करायला लावला.

अमेय, तुझं म्हणणं पटतं. मेट्रोशी माझं भांडण नाही. उलट तुझा तो दीड किलोमीटर म्हणजे आमचा कन्नमवार नगर ते स्टेशनच. दोघांना एकच बस हवी आहे.

पंचकाका, आमच्या प्रभागात पुढच्या महिन्यात नागरिकांची बैठक आहे. तिथे नुसतं "बस वाढवा" म्हटलं की "प्रवासीच नाहीत" असं उत्तर मिळतं, हे मी आधी दोनदा ऐकलंय. म्हणून येत्या मंगळवारी परत मोजायला बसणार आहे, आठ ते साडेनऊ. वहीत दोन रकाने: थांब्यावर आले किती, बसमध्ये चढले किती. इथल्या आणखी कोणी आपापल्या थांब्यावर त्याच वेळी मोजलं तर एका थांब्याची गोष्ट म्हणून कोणी बाजूला सारणार नाही. मोजताना माझं काय चुकतंय तेही सांगा.

पंच आणि पिशवी

मी सायनला उभा राहतो. निवृत्तीनंतर सकाळ मोकळीच असते.

चुकत काही नाही, पण एक तिसरा रकाना आखा. थांब्याजवळ येतात, रांगेकडे बघतात आणि न थांबता चालायला लागतात, त्यांचा. बसच्या दारात उभा राहून तीस वर्षं ती माणसं मी पाहिली आहेत. बस थांब्याला लागता लागता थोडी पुढे गेलेली दिसायची, मागे वळून बघायची. तेव्हा मी बस सोडायची डबल बेल द्यायच्या आधी जरा थांबायचो. काही जण पळत यायचे.

आणि आजींना नमस्कार सांगा.