नागोयाच्या सिटी हॉलवर देवळाचं छप्पर कशाला?

मखमलाबादकर
आर्किटेक्चरला आहे, थर्ड इयर, नाशिकलाच. सेमिनारला जपानमधल्या नागोयाचा सिटी हॉल घेतलाय. खाली सरळसोट पाच मजली सरकारी ऑफिस, मधे उंच टॉवर आणि त्याच्या डोक्यावर एकदम जपानी देवळासारखं दोन टप्प्यांचं छप्पर. आधी देऊळ होतं का तिथे? सर म्हणतात स्टाइल शोधून आण.

गोदाकाठ
देऊळबिऊळ काही नव्हतं रे. अख्खी बिल्डिंग 1933 ची, लोखंड नि काँक्रीटची, टॉवर साडेत्रेपन्न मीटर. याला तेइकान, म्हणजे शाही मुकुट शैली म्हणतात. 1923 च्या भूकंपात तोक्योतल्या विटांच्या इमारती कोसळल्या, मग मोठं काही बांधायचं तर काँक्रीटच, पण ते दिसायला परकं, म्हणून वर जपानी छप्पर. आणि इथे तर नागोयाचा किल्ला अगदी शेजारी, त्याला शोभेल असं हवं होतं. किल्ल्यावर ते शाचि असतात ना, वाघाच्या तोंडाचे मासे, तसे या टॉवरच्या टोकावरही आहेत, चारी दिशांना बघणारे. शेजारचं आइची प्रांताचं ऑफिस पण बघ, 1938 चं. 2014 ला दोन्ही एकदमच राष्ट्रीय वारसा यादीत गेली.

सिडकोवाला
शोभा वगैरे ठीक, पण काळ कुठला ते पण लिही, जपानी साम्राज्याचा. तोक्योच्या म्युझियमच्या स्पर्धेत अटच होती की डिझाइन जपानी वळणाचं पाहिजे, माएकावा कुनिओ या आर्किटेक्टने मुद्दाम सपाट छपराचं मॉडर्न डिझाइन दिलं आणि हरला. तैवान जपानच्या ताब्यात होतं तेव्हा काओश्युंगचा सिटी हॉलपण याच थाटात बांधला, 1939 ला. तिथे कुठला आलाय शेजारचा किल्ला? सरळ सत्तेची टोपी आहे ती.

गोदाकाठ
काओश्युंगचं मान्य. पण मग मुंबईचं जीपीओ घ्या, इंग्रजांनी विजापूरच्या गोल घुमटावरून घुमट केलाच की. मला नागोयाचं आवडतं बुवा, प्रपोर्शन जमलंय. आपल्या नाशिक महापालिकेच्या राजीव गांधी भवनावर उद्या काळारामाचा कळस ठेवला तर बघवणार नाही, तसं तिथे होत नाही.

मखमलाबादकर
भारी! म्हणजे किल्ला नि सिटी हॉल एका फ्रेममध्ये घेऊन तुलना करतो, जुनं विरुद्ध नवं.

सिडकोवाला
थांब जरा. किल्ल्याचा मुख्य बुरूज 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, आत्ता दिसतो तो 1959 चा, तोही काँक्रीटचा. सिटी हॉल मात्र मूळचाच. तुझ्या फ्रेममधलं जुनं तेच.